मशीनचा नैवेद्य

रियाजने फ्लॉपी ड्राइव्हचे स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत फिरवला. बोळा लालभडक होऊन बाहेर आला. गंज असेल म्हणून त्याने दुसरा बोळा घेतला, तर तोही लाल. मग चिमट्याने त्याने दोन अक्षता काढल्या, झेंडूची एक वाळकी पाकळी काढली आणि तळाशी पाकासारखी चिकटलेली साखर पाहिल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या साखरेत मेलेल्या मुंग्याही होत्या.

"काय निघालं रं?" दुकानातल्या बाकावर समोर बसलेल्या रत्नाकाकूंनी विचारलं.

"काय न्हाई, काकू. धूळ हाय."

हे खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. ते त्याला पूर्वीच शिकवलेलं होतं.

रत्नाकाकू म्हणजे सोमनाथ सरांच्या पत्नी. भोरमध्ये एका किराणा दुकानाच्या माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. गावातले बाकीचे क्लासवाले टायपिंग शिकवून मोकळे व्हायचे. सर मात्र पोरांच्या मागे युनिक्सचं लचांड लावायचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना माऊस. हे भोरमध्ये कुणाला लागणार आहे, असं लोक तोंडावर विचारायचे. सर म्हणायचे, लागेल तेव्हा लागेल. त्या माडीवर रियाज शिकला आणि आज कापूरहोळच्या फाट्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. पोट भरायचं ते मोबाईलच्या काचा बदलून, पण हाताला वळण लागलं होतं ते सरांच्या मशीनवर.

काकू वेल्ह्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या माहेरी खंडेनवमीला नांगर, कुळव, कोयते, सगळं धुऊन पुजायचे. सरांचं अवजार म्हणजे हे मशीन. तेव्हा काकू दर नवमीला पदर खोचून माडी चढायच्या, मशीनला हळदकुंकू वाहायच्या आणि नैवेद्य दाखवायच्या. नुसता दाखवून त्यांचं समाधान होत नसे. मशीनला तोंड म्हणावं असं एकच होतं, फ्लॉपी घालायची फट. त्या फटीत चिमूटभर साखर गेली की त्या हात जोडायच्या.

दुसऱ्या दिवशी सर ड्राइव्ह खोलून बसायचे. साखरेचे दाणे बोटाने टिपून स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. "नैवेद्य टाकायचा नसतो," म्हणायचे. मग सगळं निगुतीने पुसून काढायचे आणि चष्म्यावरून पोरांकडे बघायचे. "काकूंना सांगायचं नाही."

क्लास बंद पडला, मशीन घरी आलं, तरी नवमी चुकली नसणार. पण आज ड्राइव्हमध्ये निघालं ते एकाच वर्षाचं कुंकू होतं. गेल्या श्रावणात सरांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या नवमीला काकूंनी नैवेद्य घातला तेव्हा पुसणारा अंथरुणावर होता.

"दरसाली दुसऱ्या दिवशी बघावं तर साखरेचा कण न्हाई," काकू सांगत होत्या. "म्या ह्यांना म्हनायची, मुंग्या नेत्यात की तुमचं मशीन जेवतंय? तर नुसतं हसायचे."

रियाज खाली मान घालून ड्राइव्ह पुसत राहिला.

"डॉक्टर म्हनत्यात, त्यांना किती कळतं ते सांगता येत न्हाई. दिसभर बोलते म्या. भाजी कुठली करू, इचारते. हे आपले खिडकीकडं बघत्यात." काकूंचा आवाज बारीक झाला. "मानसाशी बोलतीया का भिंतीशी, येवढं तरी कळू दे बाबा. तोंड गेलं, पर हाताला येत आसंल. या मशीनशी जलमभर हातानंच बोलले की ते."

याआधी रियाजने आपला लॅपटॉप नेऊन सरांच्या मांडीवर ठेवला होता. सरांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. म्हणून आता हेच मशीन आणि हाच कीबोर्ड, ज्याची बटणं सरांच्या बोटांनी गुळगुळीत केली होती.

काम सोपं नव्हतं. मूळ डिस्क चार वेळा टकटक करून कायमची गप्प झाली आणि सरांचं युनिक्स तिच्याबरोबर गेलं. आजकालच्या प्रणाली या मशीनच्या उंबऱ्यावरसुद्धा उभ्या राहीनात, इतकी त्याची मेमरी तुटपुंजी. शोधता शोधता युनिक्सच्याच कुळातली, फुकट मिळणारी एक प्रणाली सापडली. तिला म्हाताऱ्या मशीनचं वावडं नव्हतं, पण ती चढवायची तर फ्लॉपीवरूनच, आणि ड्राइव्हचा तर पाक झालेला, पुसूनही चालेना. शिवऱ्याच्या भंगारवाल्याकडे ड्राइव्हचा ढीग होता. त्यातला एकच धड निघाला. डिस्कच्या जागी एका फोटोग्राफरच्या जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड बसवलं. तरी कधी पहिलीच फ्लॉपी वाचता येईना, कधी सगळं चढल्यावर मशीन सुरूच होईना. रियाजने देवाची करुणा भाकली आणि भंगारवाल्याला शिव्याही घातल्या. शेवटी एका दुपारी पडद्यावर ओळी भराभर वर सरकल्या आणि मशीनने नाव विचारलं. रियाज दुकानात एकटाच होता, तरी त्याने मोठ्याने "सर!" अशी हाक मारली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गोधडीवर मशीन घालून तो भोरला आला. सर खिडकीशी खुर्चीत होते. मांडीवर पंचा, त्यावर डावा हात. रियाजने टेबल त्यांच्यापुढे ओढलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. मशीन घरघरलं. काकू देवापुढे उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या.

रियाजने सरांच्या नावाचंच खातं उघडून ठेवलं होतं. नाव घालून त्याने सरांनी शिकवलेली पहिली आज्ञा दिली, मशीनवर कोण आहे ते विचारणारी. एकच नाव उमटलं.

"काय म्हनतंय?"

"सर हायेत म्हनतंय."

"मशीन म्हनतंय रं. ह्यांनी कुठं सांगितलं?"

काकूंनी सरांचा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. बोटं बटणांवर पडली ती पडलीच. त्यांच्या भाराने एकच अक्षर पडद्यावर उमटत गेलं, ओळ भरली, दुसरी भरली. रियाजने हात उचलून धरला, सगळं पुसलं आणि पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

"सर, तुमचंच मशीन हाय. म्या रियाज. नाव टाका तुमचं."

सर खिडकीबाहेर बघत होते.

"आवो, येक अक्षर," काकू म्हणाल्या. "चुकलं तरी चालंल."

किती वेळ गेला कोण जाणे. काकू विनवण्या करून थकल्या, रियाज पुसून थकला. इतके दिवस त्याला वाटत होतं की मशीन उठलं म्हणजे सर उठले. आता उठलेलं मशीन समोर होतं आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याला रडू यायला लागलं, म्हणून तो उगीच मागच्या तारा चाचपू लागला.

"ऱ्हाऊ दे," शेवटी काकूंनी डोळे पुसले. "मशीन तरी उठलं. तुजी मेहनत वाया न्हाई गेली."

त्या आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. मशीन नव्याने सुरू झालं, त्याची पूजा नको? त्यांनी हळदकुंकू वाहिलं, आणि मग चिमटीत साखर घेऊन हात फटीकडे नेला. रियाजचं तोंड उघडलं. शिवऱ्याच्या त्या ढिगातला तो एकुलता एक धड ड्राइव्ह होता. पण काकूंच्या चेहऱ्यावर एवढी निराशा असताना काय बोलणार? त्याने तोंड मिटलं. साखर आत गेली, कुंकवाने माखलेल्या बोटाचा ठसा फटीवर उमटला, आणि काकू चहा टाकायला वळल्या.

रियाज आवराआवरीला लागला. वाकून स्क्रूड्रायव्हर उचलताना त्याला पंचा हलल्यासारखा दिसला.

सरांचा डावा हात टेबलावर चढत होता. हळूहळू, मध्ये थांबत. कीबोर्डला वळसा घालून तो फटीपाशी पोचला. फटीच्या ओठावर साखर सांडली होती. सरांनी बोटाने एकेक दाणा टिपला आणि बोट जिभेवर ठेवलं. मग पंच्याचं टोक बोटाभोवती कसंबसं गुंडाळून ते फट पुसू लागले. कोपऱ्यातलं कुंकू निघेना, तर परत परत पुसत राहिले.

रियाजने बाहीने डोळे पुसले. सरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण ते बघणं चष्म्यावरूनचंच होतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "काय झालं रं? रडतुयास का?"

"काकू, सरांना कळतं. सगळं कळतं."

"कशावरनं?"

रियाजने सरांकडे पाहिलं. काकू महिनोन्‌महिने विचारत होत्या त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी होतं, आणि नेमकं तेच सांगायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं.

"बोल की. कशावरनं?"

काकूंनीच नवऱ्याकडे बघितलं. खालच्या ओठावर कुंकू होतं. तिथे साखरेचा एक दाणा चिकटला होता. मग त्यांनी पंच्याचं लाल टोक पाहिलं आणि स्वच्छ पुसलेली फट पाहिली. चहाचा कप त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला.

"म्हंजी तुमी व्हय?" त्या म्हणाल्या. "आन म्या मुंग्या समजत हुते."

सरांचा हात मांडीवर परत पडला होता आणि नजर पुन्हा खिडकीकडे गेली होती. काकूंनी पदराने तो ओठ टिपला, दाणा मात्र तसाच राहू दिला.

"येत्या नवमीला बी घालनार हाय म्या," त्या दटावल्यासारख्या म्हणाल्या. "सांगून ठिवते. पुसायला तुमीच पायजे."