शार्गू ओंडका ओढत नाही

मित्रांनो, मी शार्गू, ओंडके ओढणारा घोडा. जन्म रोमानियातल्या मारामुरेशच्या डोंगरातला. चौथ्या वर्षी गळ्यात पेंढा भरलेला चामडी गळपट्टा पडला आणि तेव्हापासून सोळा वर्षं रानातून फर झाडांचे ओंडके खाली ओढत आलो. यंत्रं जिथे नुसता चिखल करून ठेवतात, तिथून मी कोवळ्या रोपांना धक्का न लावता वाट काढतो. गावातल्या बहुतेक घरांच्या फळ्या माझ्याच ओंडक्यांच्या आहेत. ही बढाई नाही, कुणी विसरू नये म्हणून सांगतो.

स्वभावाने मी संशयी. ओल्या पुलावर आधी एकच पाय टाकून बघतो. हसत हसत पुठ्ठ्यावरून हात फिरवणाऱ्या अनोळखी माणसाकडे पाठ करत नाही, कारण तो बहुधा मांसाचा व्यापारी असतो. पण माझा मालक तोआदेर माझ्याही वरचढ निघाला.

गेल्या हिवाळ्यात ओंडक्याची साखळी ताणली की माझ्या डाव्या खांद्यात काहीतरी टोचू लागलं. मी थांबू लागलो. सांगणार कसं? दाट केसांखालची जखम कुणाला दिसत नव्हती.

तोआदेरला मात्र लगेच गुन्हेगार सापडला. शेजारचा गावरिला, दोघांनी ओढायच्या दोन मुठींच्या करवतीवरचा त्याचा जुना जोडीदार. तो मला बघून "काय रुबाबदार जनावर आहे!" म्हणाला होता आणि थुंकला नव्हता. आमच्याकडे कौतुकानंतर थुंकायचं असतं, नाहीतर दृष्ट लागते.

दृष्ट कुणाची ते बघायला तोआदेरने नऊ काड्या पेटवून पाण्यात टाकल्या. सगळ्या बुडाल्या.

"बघितलंस, अनुत्सा? त्याचाच डोळा!"

"आणि तरंगल्या असत्या तर माझ्या भावाचा म्हणाला असतास," त्याची बायको म्हणाली.

तो तडक कुंपणापाशी गेला. "गावरिला, माझ्या घोड्याकडे बघायचं नाही!"

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? त्याच्याकडे बघत बघतच म्हातारा झालो मी."

"मग आता दुसरीकडे बघ!"

गावरिला आत गेला. मला फार वाईट वाटलं. तोआदेरने दृष्ट उतरावी म्हणून माझ्या कपाळावर लाल गोंडा बांधला, तरी मी थांबतच राहिलो. मग तो म्हणाला, "शनिवारपर्यंत ओढलं नाही, तर व्यापाऱ्याला बोलावतो."

शनिवारी ट्रक आला. मी व्यापाऱ्याकडे पाठ होऊ दिली नाही. साज घरचा, तो द्यायचा नाही, म्हणून अनुत्सा गळपट्टा सोडवायला आली. तिच्या तळहातातून रक्त आलं. अस्तरात मोडकी सुई होती. नाताळात गळपट्टा शिवला होता तो तोआदेरनेच.

"अरे माणसा," ती म्हणाली, "नऊ काड्या जाळल्यास, पण एकदा आत हात घालून बघितला नाहीस."

ट्रक रिकामा परत गेला. तोआदेर माझ्या मानेवर डोकं टेकून रडला. मी रडू दिलं, पण एक कान त्याच्याकडेच ठेवला. मग प्लमच्या दारूची बाटली घेऊन तो गावरिलाच्या दारी गेला. खिडकीचा पडदा हलला, दार उघडलं नाही.

मित्रांनो, जनावर अडून उभं राहिलं, तर काठी उचलण्याआधी त्याच्या गळपट्ट्याखाली हात घालून बघा. माझी जखम महिन्याभरात भरली. करवतीची दुसरी मूठ अजून मोकळी आहे.