सुमन सिस्टरांनी थांबवलेली संध्याकाळ

सुमन सिस्टर खाटेजवळ आल्या की आधी स्पिरिटचा थंड गंध यायचा आणि त्यामागून चंदनाच्या साबणाचा. गारठलेल्या पहाटेमागून कोवळं ऊन यावं तसा. उल्हासनगरच्या त्या छोट्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात यंत्रांचा अखंड नाद असे, आणि त्यातून त्यांची पावलं अगदी मृदू फिरत. पन्नाशीच्या, सावळ्या, खरवईला राहणाऱ्या. रुग्णाच्या छातीवर तळहात ठेवून त्या श्वास मोजायच्या, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर गाणं ऐकणाऱ्याची एकाग्रता उतरे.

त्या माघात माझे बाबा, अंबरनाथ एमआयडीसीतले फिटर, न्यूमोनियाने पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवशी नळी निघाली. सातव्या दिवशी उन्हं कलताना डॉक्टर म्हणाले, "वॉर्डात हलवू या." आईने समोरच्या पीसीओवरून आमच्या गावी, चामटोलीला, फोन करून आनंद कळवला, आणि पिशवी भरायला घेतली.

सिस्टर मात्र बाबांच्या खांद्यांकडे पाहत होत्या. श्वासागणिक ते किंचित वर उचलले जात होते.

"सर, आज नको," त्या म्हणाल्या. "कफ काढायचं बळ नाही अजून. रात्री वॉर्डात सगळ्यांना मिळून एकच सिस्टर असते."

"नवा पेशंट आला तर?"

"जागा मी करते. पण यांना आज नको."

डॉक्टर होकारार्थी मान हलवून पुढच्या खाटेकडे वळले. आई चिडली.

"बरं झालेल्या माणसाला कशाला अडवता, सिस्टर?"

"ताई, ते बरे होतायत. अजून झाले नाहीत."

दिवेलागणीला बाबांचा श्वास अडकला. ओठ निळसर पडले. सिस्टर दोन पावलांवरच होत्या. सक्शनने त्यांनी कफ ओढून काढला, ऑक्सिजनचा मास्क लावला आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून, "सावकाश, काका, सावकाश," म्हणत राहिल्या. हळूहळू बाबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. काचेच्या दारापलीकडून आईने सारं पाहिलं होतं. सिस्टर बाहेर आल्या तशी ती उठली. थर्मासमधला चहा ओतून तिने पेला त्यांच्यापुढे धरला. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून तो प्यायल्या.

दोन दिवसांनी, सकाळचा राउंड झाल्यावर, त्यांनीच बाबांची खाट वॉर्डात नेली आणि तिथल्या सिस्टरला त्यांच्या श्वासाची, खोकल्याची एकेक खोड समजावून सांगितली. आठवड्याने बाबा आपल्या पायांनी चालत जाऊन रिक्षात बसले. पुढे नऊ वर्षं जगले; चामटोलीच्या परसात वाल लावले, माझ्या मुलीला सायकल शिकवली, आईशी मनसोक्त भांडले.

सिस्टर निवृत्त होऊन कुठे गेल्या, कळलं नाही. आता बाबाही नाहीत. माणसं जातात, पण कुणीतरी आपल्यासाठी एक दिवस धीर धरलेला असतो, आणि त्या एका दिवसाच्या पोटात आपली कितीतरी वर्षं वाढलेली असतात, हे ती वर्षं सरल्यावरच उमगतं.