प्रांजलचं वाक्य

"प्रांजल, तुझं वाच. मोठ्यानं," तेजस्विनीबाई म्हणाल्या. लांडगा आला रे आलाची गोष्ट सांगून त्यांनी नववीच्या वर्गाला 'क्राय वुल्फ' हा इंग्रजी वाक्प्रचार वापरून वाक्य लिहायला दिलं होतं. निम्म्या वर्गाने बिचाऱ्या लांडग्यालाच रडायला बसवलं होतं.

प्रांजलने वाचलं, "माय ग्रँडमदर क्राईज वुल्फ एव्हरी इव्हनिंग."

वर्ग फिदीफिदी हसला. तिची आजी चिमाबाई रोज दिवेलागणीला मेंढ्यांच्या वाड्यापासून 'वाघ आला' म्हणून ओरडते, हे निरगुडसरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुरुवातीला शेजारच्या वस्तीवरचे दादाभाऊ चार माणसं घेऊन धावले. उसात बिबट्याचा मागमूस नव्हता. मग रोज कोण कशाला जातंय? तेजस्विनीबाईंचं घर तर नुसतं बांधापलीकडे, पण हाक आली की हल्ली त्याही खिडकी लावून घेत.

"शाब्बास! अगदी बरोबर वापरलंस," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, आजी खोटं नाय बोलत," प्रांजल मान खाली घालून म्हणाली. "तिला खरंच दिसतो. मग वाक्य चुकलं ना?"

वाघ नसेल तर वाक्य बरोबर, असेल तर चूक. "बस खाली," त्या म्हणाल्या खऱ्या, पण दिवसभर जिवाला चैन पडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. दिवे लागले, अंधारून आलं, हाक काही आली नाही. रोज जिचा वैताग यायचा, तीच आली नाही म्हणून बाई उठल्या. मोबाईलची बॅटरी लावून त्या बांधाने निघाल्या.

चिमाबाई वाड्याच्या तोंडाशी काठी धरून उभी होती. मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. एकही ओरडत नव्हती.

"आजी, आज हाक नाही मारलीत?"

"काल लई वरडले. घसाच बसला, बाई," ती कुजबुजली. "तकडं बघा."

बाईंनी उजेड फिरवला. उसाच्या कडेला, जमिनीलगत, दोन डोळे चमकले. ते हलले नाहीत.

"आता तुमी वरडा," चिमाबाई म्हणाली.

बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, "वाघ आला! धावा हो, वाघ आला!"

पलीकडच्या वस्तीवर टीव्हीचा आवाज वाढला. मग वाऱ्यावर दादाभाऊंचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं, "झालं म्हातारीचं सुरू. लाव रं ती खिडकी."