दोन पांढऱ्या गाड्या

सीटखाली हात घातला आणि व्हर्लिन टॅकेटच्या बोटांना रिव्हॉल्व्हरच्या जागी लहान मुलाचा बूट लागला.

धान्याची कोठारं मागे पडून रस्ता मोकळा झाला, की एकदा सीटखाली चाचपायचं ही त्याची फार जुनी सवय. बाकीचे लोक खिशावर हात मारून पाकीट आहे ना बघतात, तसंच ते. फडक्यात गुंडाळलेलं जड काहीतरी हाताला लागलं, की हात परत स्टिअरिंगवर. आज फडकं नव्हतं, जडही काही नव्हतं. गुलाबी बूट होता, एकाच पायाचा.

'डार्लाचा दिसतोय,' तो मनाशी म्हणाला आणि त्याने बूट मांडीवर ठेवला. डार्ला ही त्याची मुलगी. तिच्या केसांत आता पांढरे डोकवायला लागलेत, हे त्या घटकेला त्याच्या ध्यानात नव्हतं.

ऊन मी म्हणत होतं. पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. कापसाच्या शेतांपलीकडे पवनचक्क्या फिरत होत्या, पण इतक्या सावकाश की त्यांना कुठे पोचायचंच नसावं. रेडिओवर कुणीतरी स्पॅनिश गाणं म्हणत होतं, मागे अकॉर्डियन वाजत होतं. व्हर्लिनने आयुष्यात कधी असलं स्टेशन लावलं नव्हतं, पण नॅडिनने बदललं असेल. नॅडिन म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी दुपारच्या वेळी ती अधूनमधून गाडीत असायची, आणि व्हर्लिनची त्याला काडीची हरकत नव्हती.

खरी गोष्ट अशी, की ही गाडी व्हर्लिनची नव्हती.

टेक्सासच्या त्या तालुक्यात निम्म्या लोकांकडे पांढरी पिकअप आहे, आणि गाडी उभी केल्यावर किल्ली गाडीतच ठेवायची रीत आहे. किल्ली काढून खिशात घालणारा माणूस तिथे नवखा तरी असतो, नाहीतर कुणाशी तरी भांडून आलेला. व्हर्लिन पशुखाद्याच्या दुकानातून बाहेर आला, दाराशी जी पांढरी पिकअप दिसली तिच्यात चढला आणि निघाला. त्याची स्वतःची गाडी शेजारीच उभी होती. कोंबड्यांच्या खाद्याची पोती मागे भरून, किल्ली आत, बिचारी मालकाची वाट बघत.

व्हर्लिनने जन्मभर एकच काम केलं. पेट्रोल पंप, कापसाची जिनिंग, शाळा अशा ठिकाणी शीतपेयांची मशीनं असतात ना, ती भरायची. स्वतःच्याच पिकअपमधून. मशीनमधली नाणी पिशव्यांत भरून, पिशव्या सीटमागे टाकून तो ओसाड रस्त्यांवरून गावोगाव फिरायचा. त्याच्यासारख्याच दुसऱ्या एकाला कुणीतरी रस्त्यात गाठून बदडलं, त्यानंतर व्हर्लिनने रिव्हॉल्व्हर घेतलं. नॅडिनने ते तिच्या जुन्या एप्रनच्या तुकड्यात गुंडाळून दिलं.

"घे, तुझी दुसरी बायको," ती म्हणाली. "मला एवढं जपून कधी कुणी ठेवलं नाही, हिला बघ."

या सवतीचा व्हर्लिनला कधी उपयोग झाला नाही. एकदा संध्याकाळी रस्त्यात एक माणूस हात करत उभा होता. व्हर्लिनने त्याला गाडीत घेतलं, आणि रिव्हॉल्व्हर मांडीखाली घेऊन तो सगळी वाट त्याच्याशी बेसबॉलबद्दल बोलत राहिला. माणूस उतरताना म्हणाला, देव तुमचं भलं करो. घरी येऊन व्हर्लिनने हे सांगितलं तेव्हा नॅडिन हसून हसून बेजार झाली. "अंडं उबवल्यासारखा बसला होतास म्हण की!" नाणी गेली, मशीनं गेली, नोकरी संपली. सीटखालचं फडकं मात्र राहिलं. ते आहे म्हणजे आपण अजून आपल्या जिवाचे धनी आहोत, असं त्याला वाटायचं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं खरं.

वसंतात मात्र एक घोळ झाला. व्हर्लिन सकाळी निघाला तो थेट शेजारच्या राज्यात एका पेट्रोल पंपावर सापडला. तिथलं मशीन भरायला आलोय म्हणाला. तिथे मशीन तर नव्हतंच, पंपसुद्धा बंद पडलेला होता. डार्ला शहरातून धावत आली. स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसली आणि रडतरडतच म्हणाली, "डॅडी, मी तुमच्याशी भांडायला नाही आले. पण आता एकदा जरी असं झालं ना, तर गाडी बंद. आणि गाडीच्या आधी ते सीटखालचं बंद."

"माणूस रस्ता चुकतो कधी कधी," व्हर्लिन म्हणाला.

"बंदूक घेऊन नाही चुकायचं, डॅडी."

तेव्हापासून तो फार जपून होता. दुकानात जाताना मनातल्या मनात वार घोकायचा, कुणी विचारलंच तर चुकायला नको. गाडी गेली तर आपण त्या घरात कोंबड्यांसारखे दाणे टिपत बसणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

म्हणूनच आता सीटखाली फडकं नाही म्हटल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने गाडी एका शेताच्या फाटकापाशी बाजूला घेतली. सीटखाली, सीटमागे, दारातल्या कप्प्यात हात घालून पाहिला. रिव्हॉल्व्हर चोरीला गेलं होतं. दुकानासमोर, भरदिवसा! डार्लाला काय सांगणार? हरवलं म्हणून सांगितलं तरी गाडी जाणार, आणि विसरलो म्हटलं तरी जाणारच.

दोन सीटांमधला खण उघडला, तर आत एक काळं, चपटं पिस्तूल होतं. हे आपलं नाही, असं त्याला अंधुक वाटलं. पण स्वप्नात आपण आपल्याच घरात एखादी भलतीच खोली उघडतो आणि तिथे निमूट वावरतो, तसं त्याने ते उचललं. बूट शर्टाच्या खिशात कोंबला. मग आरशात पाहिलं, आणि आरशात त्याला त्याची गाडी दिसली.

हलत्या उन्हातून ती त्याच्याच दिशेने येत होती. डावीकडे चेमटलेला बंपर, तडकलेला दिवा. व्हर्लिन आताशा दाढी करताना आरशातल्या म्हाताऱ्याला पटकन ओळखायचा नाही, पण हा बंपर त्याने कुठेही ओळखला असता. गाडी त्याच्यामागे येऊन थांबली. तिच्यातून टोपी घातलेला एक धट्टाकट्टा माणूस उतरला.

सगळं एकदम उलगडलं. हाच तो चोर. रिव्हॉल्व्हरही नेलं आणि गाडीही नेली.

व्हर्लिन खाली उतरला आणि त्याने पिस्तूल रोखलं. कितीतरी दिवसांत त्याचं मन इतकं स्वच्छ झालं नव्हतं.

"तिथंच थांब. माझी गाडी कुठून आणलीस?"

तो माणूस जागच्या जागी खिळला. दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर आले. "मिस्टर व्हर्लिन," तो हळूच म्हणाला, "मी रुबेन. रुबेन ओलिवास. गुरांच्या गोठ्यावर कामाला असतो. ओळखलंत का?"

"नाव नाही विचारलं. गाडी विचारली."

"तुमचीच आहे. तुम्हाला द्यायलाच आणली, सर. आपली जरा अदलाबदल झाली दुकानासमोर." त्याने नजरेनेच पिस्तूल दाखवलं. "तुमच्या हातातलं आहे ना, ते माझं आहे. त्याच्या नळीत गोळी भरलेली असते, मिस्टर व्हर्लिन. त्याला सेफ्टीचा खटका बिटका काही नाही. बोट तेवढं बाहेर घ्या. बाकी काय बोलायचं ते बोला, मी ऐकतो."

"खोटं बोलतोस. माझं रिव्हॉल्व्हर तू नेलंस."

"नाही हो. मी काही हात लावला नाही. तुमच्या खिशात बूट दिसतोय, तो मारिसोलचा आहे. माझ्या पोरीचा. सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय तिने त्या बुटासाठी."

"डार्लाचा आहे तो!" व्हर्लिन ओरडला, आणि दुसऱ्या हाताने त्याने बूट खिशातून ओढून काढला. दाखवायला म्हणून त्याने तो गाडीच्या पत्र्यावर आपटला, तसे टाचेतले दिवे लुकलुकले. लाल, निळे, लाल.

व्हर्लिन बघत राहिला. डार्लाच्या लहानपणी बुटांना दिवे नव्हते. त्याने पुन्हा एकदा आपटून पाहिला. पुन्हा लुकलुकले.

"ओलिवास," तो म्हणाला. "जिनिंगमधला ओलिवास तुझा कोण?"

"वडील."

"माझ्या मशीनला लाथा घालायचा तो."

"रोज," रुबेन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, तरी तो हसला. "म्हणायचे, लाथ घातली की गारेगार येतं."

व्हर्लिनने बोट बाहेर काढलं. पिस्तूल गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, तोंड शेताकडे करून, शेजारी बूट ठेवला, आणि तो दोन पावलं मागे सरला. रुबेन पुढे झाला, त्यातली गोळी काढली, पिस्तूल कमरेला खोचलं, बूट आपल्या गाडीत टाकला, आणि मग रस्त्याच्या कडेला गवतात फतकल मारून बसला.

"मी जरा बसतो हं," तो म्हणाला.

व्हर्लिनही त्याच्याशेजारी बसला. वारा कापसातून जात होता. नॅडिन गाडीत नव्हती. व्हर्लिनने वळून पाहिलं, पण ती कुठेच नव्हती, आणि रेडिओही गप्प होता.

"माझी बायको म्हणते गाडीत नको ठेवूस," रुबेन म्हणाला. "पोरगी असते गाडीत. मी म्हणतो, रस्ता खराब आहे, कधी काय गाठेल सांगता येत नाही. आणि गाठलं कोणी, तर माझ्याच पिस्तुलाने."

"मी तुला मारलं असतं," व्हर्लिन म्हणाला.

"नाही मारलंत पण."

"मारलं असतं. मला काहीसुद्धा वाटलं नसतं. उलट बरं वाटत होतं मला, समजलं का?" आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

रुबेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे बघा, मिस्टर व्हर्लिन. गाड्या सगळ्यांच्याच बदलतात. आपले पाद्री गेल्या महिन्यात डॉक्टरची गाडी घेऊन गेले, तीही डॉक्टरच्या कुत्र्यासकट. मी कुणाला बोलणार नाही. घरीसुद्धा नाही. तुम्ही तुमची गाडी घ्या, मी माझी घेतो, विषय संपला."

व्हर्लिनला हे ऐकू आलं, आणि नीट समजलंही. पोरगा शब्दाचा पक्का दिसत होता. गाडी समोरच उभी होती, मागे पोती, आत किल्ली. चढायचं, घरी जायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. शनिवारी डार्ला आली की कॉफी करायची. कुणाला पत्ता लागला नसता.

तो उठला, आपल्या गाडीपाशी गेला आणि फोन काढून त्याने डार्लाला लावला.

"डार्ला, मी आज दुसऱ्याची गाडी नेली," तो म्हणाला. "आणि त्याच्यावर पिस्तूल रोखलं. माझी गाडी घेऊन का फिरतोस म्हणून."

"डॅडी, कुणाला लागलं का?"

"नाही."

"तुम्ही ठीक आहात?"

"ते तू येऊन बघ. शनिवारपर्यंत थांबू नकोस."

रुबेन जवळ येऊन उभा राहिला होता. "कशाला सांगितलंत? मी म्हटलं होतं ना तुम्हाला."

"पुढच्या वेळी रुबेन नसेल समोर," व्हर्लिन म्हणाला. "टोपी धर."

त्याने सीटखालून फडकं काढून सोडलं, रिव्हॉल्व्हर उघडलं आणि गोळ्या रुबेनच्या टोपीत ओतल्या. बोटांना सगळं येत होतं, ती काही विसरली नव्हती. मग त्याने रिव्हॉल्व्हरही टोपीत ठेवलं. "डार्लाच्या हातात दे. मी मागितलं तरी मला देऊ नकोस. मी मागेन."

"बरं, सर."

फडक्याची घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली. मग सवयीने ड्रायव्हरच्या दाराला हात घातला, तो तसाच राहिला. रुबेन मान वळवून उभा राहिला, आणि त्याबद्दल व्हर्लिनला त्याचा फार आधार वाटला. थोड्या वेळाने व्हर्लिन गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि चढून बसला.

"तुझी गाडी?" त्याने खिडकीतून विचारलं.

"राहू दे इथंच. तुम्हाला घरी सोडलं, की माझा भाऊ आणील मला." रुबेन दोन पावलं गेला, थबकला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपल्या गाडीतली किल्ली काढून त्याने खिशात घातली.

गाडी निघाली. ही सीट मऊ होती, एका बाजूला किंचित बसलेली, आणि पुढचा पत्रा इथून वेगळाच दिसत होता. हातांचं काय करायचं ते व्हर्लिनला सुचेना, म्हणून त्याने ते मांडीवर ठेवले. ओढ्याच्या वळणावर, फाटकाच्या आड, एक लहानसं तळं होतं. तळ्यावर पांढरे पक्षी उतरले होते, पुष्कळ. नॅडिन प्रत्येक वेळी इथे म्हणायची, ते बघ, आणि तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा, हो हो.

"रुबेन," तो म्हणाला, "जरा हळू घे."