पेन्सिलीने काढलेले ओठ

दर रविवारी सकाळी मावशी पार्लरची पाटी उलटी करायची आणि आरशापुढच्या खुर्चीवर घरचंच गिऱ्हाईक बसवायची. गिऱ्हाईक म्हणजे तिच्या बहिणीची मोठी मुलगी. घरात, शेजारीपाजारी सगळेच तिला थोरली म्हणत. वय एकोणतीस, बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका. लग्न ठरलेलं.

"तोंड मिट. हसू नकोस."

"हसत नाहीये गं, नाकाला खाज येतेय."

"मग नाकाला सांग, दहा मिनिटं दम धर म्हणावं."

मावशीचा हात सराईत होता. चेहऱ्याला लावायचा रंग ती आधी ओठांवरही थापायची, म्हणजे असलेले ओठ दिसेनासे व्हायचे. मग टोकदार पेन्सिलीने खऱ्या कडेच्या किंचित बाहेरून नवी रेघ. आत गडद रंग, मधोमध फिकट, आणि खालच्या ओठावर चकाकीचा एक ठिपका. पातळ ओठ बघता बघता भरदार व्हायचे. ही कला आहे, आणि आवडीने नटणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवू नयेत. पण थोरलीला कोणी विचारलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. आधीच्या तीन स्थळांनी नकार दिला होता. तिसऱ्या स्थळाची आत्या दारात चपला घालता घालता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "ओठ कसले, नुसती चीर आहे. असल्या बायका कजाग असतात." थोरलीचे आईवडील दारातच उभे होते. कोणी त्या बाईला एक शब्द बोललं नाही. उलट त्याच आठवड्यात आई थोरलीला घेऊन बहिणीकडे आली. भरदार ओठांचा फोटो निघाला, चौथं स्थळ जमलं. मुलाचं औषधांचं दुकान होतं. मुलगा सालस, असं सगळे म्हणत.

फोटो खोटा होता, म्हणून पुढचे पाच महिने खोटे काढावे लागले. मुलाकडची भेट रविवारी असायची. चहा यायचा आणि थोरलीपुढे गार व्हायचा. जेवताना घास चिमणीएवढा. हसताना तोंडावर हात. बोलणं हो-नाही इतकंच, कारण जास्त बोललं की कडा फिसकटायच्या. आई टेबलाखालून पाय दाबून आठवण करून द्यायची.

शाळेत मात्र ती ओठांना काही लावत नसे. तिच्या वर्गातली अकरा मुलं तिचे ओठ वाचत. एकदा भेट रविवारऐवजी सोमवारी सकाळी झाली आणि ती रंग तसाच ठेवून शाळेत गेली, तर मुलं बावरून रेघेकडेच बघत राहिली. ओठ कुठे मिटतात आणि कुठे उघडतात, तेच त्यांना कळेना.

एका बुधवारी होणारी सासू न कळवता शाळेत आली. पत्रिकेचा नमुना दाखवायचा होता. वर्गाच्या काचेतून तिने पाहिलं. थोरली तोंडापुढे कागदाची पट्टी धरून 'प' म्हणत होती, पट्टी उडत होती, मुलं खिदळत होती. सासूला पट्टी दिसली नाही. तिला ओठ दिसले. ती तशीच मागे फिरली.

संध्याकाळी मायलेक थोरलीच्या घरी हजर. मावशीलाही बोलावणं गेलं.

"फोटोत दाखवलंत ते आम्हाला मिळायला हवं," सासू म्हणाली. "ही सरळ फसवणूक आहे."

"अहो, जरासा मेकअप..." आईने हात जोडले.

"उपाय आहे. सुईने ओठ भरून देतात, सहा-आठ महिन्यांनी सुई पुन्हा घ्यायची. पहिली लग्नाआधी झाली पाहिजे. मी चौकशी करून आलेय."

"करून घेऊ, नक्की करून घेऊ," आई म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्राची घडी आणखी लहान केली.

थोरलीने मुलाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"आईचं काही चुकत नाही. मी फोटो बघूनच हो म्हटलं होतं ना." मग जरा मऊ आवाजात, "आणि तू कमी बोलतेस, ते फार आवडलं होतं मला."

"मी कमी बोलत नाही. रंग पुसला जाईल म्हणून पाच महिने गप्प बसलेय."

"थोरले, पुरे!" आई ओरडली.

"पुरेच झालं, आई. सुई मी घेणार नाही. ओठ सुजले तर माझी मुलं काय वाचणार? मी दिसेन त्यांना, पण माझं बोलणं पोचणार नाही."

"शाळेचं काय घेऊन बसलीस?" सासू हसली. "लग्नानंतर नोकरी सोडायचीच आहे. आईने सांगितलं नाही वाटतं?"

आईने मान खाली घातली. तिनेच होकार देऊन टाकला होता.

तेव्हा मावशी उठली. "ताई, रेघ मी बाहेर काढली. हात माझाच होता. मला वाटलं, पोरीचं भलं करतेय." मग सासूकडे वळून म्हणाली, "फसवलं आम्ही, खरं आहे. माफी मागते. पण माणूस बघायला आला होतात की भाजी पारखायला?"

लग्न मोडलं. आई तीन आठवडे लेकीशी बोलली नाही. "हिने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला," असं शेजारणी एकमेकींना सांगत. पाय दाबणारा कोण होता, ते कोणी विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात एक बाई सतरा-अठरा वर्षांच्या लेकीला घेऊन पार्लरमध्ये आली. "हिचे ओठ जरा भरदार करून द्या. स्थळाला फोटो पाठवायचाय."

मावशीने मुलीला विचारलं, "तुला हवेत का गं तसे?"

"तिला काय कळतंय? मी सांगतेय ना!"

"तोंड तिचं आहे, म्हणून तिला विचारलं. हौस असेल तर फुकट करून देते. दुसऱ्याला पसंत पडावी म्हणून नाही करणार."

मुलीने तोंड उघडलं. ती काही बोलणार, तोवर आईने तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या पार्लरमध्ये नेलं. तिथे काम होऊन गेलं.

तिला काय म्हणायचं होतं, ते मावशीला कळलं नाही. ते ऐकून घ्यायला लागला असता एक क्षण. पण तिचा दंड धरणारा हात कोणा वैऱ्याचा नव्हता. तुमच्या-माझ्यासारखाच होता, मायेचा.