शेपटाचं पाणी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या पुंजारामरावांना नगरच्या डॉक्टरांचं बोलणं चटकन कळलं. त्यांच्या पत्नीच्या, सत्यशीलाबाईंच्या मेंदूचं रंगीत चित्र दाखवत डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतल्या जागा सतत एकमेकींशी बोलत असतात. अल्झायमरमध्ये सुरुवातीला काही जोडण्या भलताच जोर धरतात आणि मग एकेक गप्प होत जाते. म्हणजे उसाला पाणी नेणाऱ्या चाऱ्याच की, त्यांच्या मनात आलं. एक बुजली की पाणी भलत्याच शेतात शिरतं.

देवळाली प्रवऱ्याला घरी परतल्यापासून ते रोज दुपारच्या चहाला वही घेऊन बसत. वार, गावं, नावं विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत, कडेला स्वतःच्या जुन्या आठवणीही.

“आले परीक्षा घ्यायला,” बाई मेथी निवडता निवडता म्हणत. आजारात त्यांची माहेरची, कोपरगावकडची बोली परत आली होती. “नापास झाले तर दुसरी करनार हाय का?”

वार चुकायचा. पण एका दुपारी त्या सहज म्हणाल्या, “तुमच्या होस्टेलची खिडकी लई वाजायची, न्हाई?”

ते होस्टेल त्यांनी लग्नाआधीच सोडलं होतं. बोललो असेन कधीतरी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग बाईंनी त्यांच्या पहिल्या साहेबांच्या जीपचा रंग सांगितला. बरोबर असावा, त्यांना स्वतःला तो आठवेना.

पाटाच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या शेतांना, पाणी कमी पडलं की वर कुणीतरी पाट फोडलेला असतो, हे ते नोकरीत शिकले होते. आपली बायको वही चोरून वाचते, अशा संशयानं ते ती कुलपात ठेवू लागले. तरीही खात्री होईना. शेवटी त्यांनी ठरवलं, कुठंही न लिहिलेली, कुणालाही न सांगितलेली एकच गोष्ट मनात धरून बसायचं. राहुरीकडच्या चारीचं दार त्यांच्याच चुकीनं उघडं राहिलं, पिकं बुडाली, आणि नोकरी गेली ती पाणी सोडणाऱ्या भीमाची. आपण मरण्याआधी त्याच्या घरी जाऊन हे कबूल करायचं होतं.

चहा निवेपर्यंत ते तीच गोष्ट मनात घोळवत राहिले. बाईंनी मेथीची एक काडी मोडली.

“बिचारा. त्यानं दार उघडं टाकलंच नव्हतं.”

“कुणी?”

“भीमानं.”

भीमा. नाव ओळखीचं वाटलं. त्याला काहीतरी सांगायचं राहिलं होतं, एवढीच ओल आत उरली होती. बाकी सगळं कोरडं. त्यांनी वही उघडली, पण काय लिहायचं ते सुचेना.

बाईंनी पदराला हात पुसले आणि वही-पेन अलगद स्वतःकडे ओढून घेतलं.

“सांगा बरं,” त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात माहेरचा लवलेशही नव्हता. “आज वार कोणता आहे?”

पुंजारामराव उत्तरासाठी त्यांच्याच ओठांकडे पाहत राहिले.