एकतीस नंबरची मुलाखत

बाहेरच्या माणसाने केलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं. धर्मेंद्र बाहेरचा नव्हता. बमरोलीच्या कामगार वस्तीत त्याच्या न् आमच्या खोलीत एक भिंत होती, तीही पत्र्याची. त्याचे वडील चिंधाकाका वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. कान गेले तेव्हा शेठने त्यांना घरी बसवलं आणि त्यांच्या मशीनवर माझा धाकटा भाऊ ललित लागला. धर्मेंद्र आमच्या गल्लीतला पहिला एम.ए. तो पास झाला तेव्हा गल्लीत पेढे मी वाटले.

मी डबे करते. नवरा गेल्यापासून हाच धंदा. पांडेसराच्या एका खात्यावर, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, माझे चाळीस डबे जातात. डब्यांवर नावं नसतात, ऑइलपेंटने मशीनचा नंबर घातलेला असतो. खात्यात आवाजच एवढा की हाक ऐकू जात नाही. बोटं दाखवायची. आधी तीन, मग एक, की एकतीस नंबरवाला मान वर करतो. कारागीर पगारालाही नंबरनेच जातो, शिव्याही नंबरनेच खातो. कित्येकांची नावं मला आजही माहीत नाहीत. ललित म्हणजे एकतीस.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात धर्मेंद्र वही घेऊन आला. विद्यापीठात त्याचं एम.फिल. चाललं होतं. विषय असा की तरुण पोरं दहशतवादाकडे का वळतात.

"आमच्यात कोण रे दहशतवादी?" मी म्हटलं. "सकाळी सातला उभा राहतो तो संध्याकाळी सातला खाली बसतो. बॉम्ब करायला त्याला सुट्टी कोण देतं?"

"तेच लिहायचंय, ताई. साहेब लोक नुसतं धर्म धर्म करतात. एका खोलीत आठ जण, एकाच पथारीवर पाळीपाळीने झोपायचं. गावात कोणी विचारत नाही, इथे कोणी ओळखत नाही. अशा पोराला कोणी 'भाई' म्हटलं की तो ट्रकमध्ये चढतो. हे कोण लिहिणार, मी नाही तर?"

मला पटलं. आजही पटतं, चीड त्याचीच आहे. त्याने लिहिलेलं खोटं नव्हतं.

ललित तयार नव्हता. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. "जाऊ दे ना, अक्का. जुनी गोट शे," म्हणाला. मीच मागे लागले. अडीच वर्षं तो झोपेत दात खात होता. "बोलून टाक," म्हटलं. "धर्मेंद्र आपला शे."

खात्याच्या सुट्टीच्या तीन दुपारी ललित बोलला. ब्याण्णवच्या डिसेंबरात शहरात जाळपोळ चालू होती, तेव्हा पाळी सुटायच्या वेळेला शेठचा ट्रक दारात उभा होता. निंबा, शेठचा ड्रायव्हर, माझ्याकडेच जेवणारा, पोरांना हात देऊन वर घेत होता. ललित एकोणीसचा. चढला. त्या दिवशी त्यांनी दोन दुकानं फोडली, एक जाळलं. नंतर निंबा त्याला दर सुट्टीला शहराबाहेर, कामरेजच्या पलीकडे एका वाडीवर न्यायचा. लाठी, भाषणं, पोटभर जेवण.

"तठे मले नाव लिसनी बलावत," ललित म्हणाला. नाव घेऊन बोलवायचे म्हणे. एवढ्यासाठी गेला पोरगा.

मग निंबाने त्याला एक रेक्झिनची पिशवी दिली. दोन दिवस खात्यातल्या वेस्ट, म्हणजे वाया गेलेल्या, सुताच्या गोणीत लपवून ठेव म्हणाला. ललितने चेन उघडून आत पाहिलं. वायरी दिसल्या. पिशवी त्याने खाडीत टाकली आणि निंबाला सांगितलं, पोलीस झडतीला आले होते, घेऊन गेले. निंबाला खरं वाटलं. ललित पुन्हा वाडीवर गेला नाही.

"का टाकलीस?" धर्मेंद्रने विचारलं. त्याचे डोळे भरले होते, मी पाहिलं.

"त्या गोण्यांना टेकून बॉबिन भरणाऱ्या बाया जेवायला बसतात," ललित म्हणाला. "मला रोज लोणचं देतात."

"नाव कुठे यायला नको," मी धर्मेंद्रला बजावलं.

"आईशप्पथ नाही येणार, ताई."

नाव आलं नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी डबे भरत होते, तर निंबा दारात. हातात झेरॉक्सचे कागद.

"ताई, एकतीसचा डबा आज मी नेतो."

"का? हातगाडीवाला मेला का?"

"सेवा करू द्या की थोडी." हसला. "विद्यापीठात मोठा सेमिनार झाला. जेवण आपल्या शेठचं. शेठ पहिल्या रांगेत. सगळ्यांना हे कागद वाटले. घ्या, तुम्ही तर गुजरातीही वाचता."

वाचते. भाकरी बांधायच्या पेपरांवर शिकले. अकराव्या पानावर पेनाने रेघ मारलेली होती. 'कामगार (मशीन क्र. ३१) याने पिशवी खाडीत फेकली व पोलिसांनी नेल्याचे खोटे सांगितले.'

"जवळजवळ तीन वर्षं आम्ही शोधत होतो, पोलिसांना टीप कोणी दिली," निंबा म्हणाला. "एका निर्दोष पोराचा पाय मोडला आम्ही, ताई. फुकटचा. आज एकतीसला जरा गोडधोड घाला."

कागद माझ्याकडेच ठेवून, डबा न घेताच गेला. मी चुलीसमोर बसून सगळे वाचले. शेठचा ट्रक 'काही वाहने' झाला होता. निंबा 'स्थानिक कार्यकर्ता' होता. शेठ त्या गोष्टीत कुठेच नव्हता. शेवटच्या पानावर मात्र होता, पूर्ण नावानिशी, भोजनाबद्दल आभार मानलेला.

ललितला निरोप धाडला, मशीन बंद कर न् घरी ये. मी विद्यापीठाची बस पकडली.

धर्मेंद्र कँटीनमध्ये चार मित्रांत गुजराती झाडत होता. मला पाहून उठला. "आवो बेन, आवो," म्हणाला. आतापर्यंत मी ताई होते. मला बाहेर व्हरांड्यात नेलं तेव्हा मराठी आठवलं त्याला.

"नाव घातलंच नाही मी. नियम पाळलाय, ताई."

"नंबर?"

"नंबरवरून बाहेरच्याला काय कळणार?"

"पहिल्या रांगेत बाहेरचा बसला होता का रे? एकतीस कोण ते तुला ठाऊक नव्हतं? एकतीस तुझा बाप होता. त्याच नंबरच्या डब्यातलं उरलेलं खाऊन तू दहावी झालास."

कोणी ऐकलं का म्हणून तो मागे कँटीनकडे बघायला लागला.

"एक आकडा खोडायला काय जात होतं?"

"माझे गाईड सर म्हणाले, राहू दे. नंबरने अस्सल वाटतं. नाहीतर घरी बसून लिहिल्यासारखं वाटतं."

"आणि ट्रक? ट्रकवर शेठच्या फर्मचं नाव होतं, ललितने तीनदा सांगितलं. ते अस्सल नव्हतं?"

"सेमिनार असाच होत नाही, ताई. मला इथे नोकरी लागायचीय. म्हाताऱ्यांना कोण बघणार?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याला थोडे दिवस गावी पाठव. मी सरांशी बोलतो. खरं म्हणजे, पुढे त्याचं काय होतं हेसुद्धा अभ्यासाच्या दृष्टीनं..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. मी त्याच्या कानाखाली वाजवली. व्हरांड्यातली पोरं वळून बघायला लागली. बघू देत. कारणं शोधतात ना इथे, त्यांनाही एक मिळालं.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चिंधाकाका पायरीवर ऊन खात बसले होते. मला पाहून मोठ्याने म्हणाले, "पोराचं लिहिलेलं छापून आलं म्हणे!" त्यांना काय सांगणार, आणि कोणत्या कानात?

आत ललित दोन शर्ट थैलीत कोंबत होता. कागद त्याने वाचले नव्हते. त्याची गरजही उरली नव्हती, निंबाने खात्यात दुसरी प्रत सगळ्यांना वाचून दाखवली होती.

"मी त्याच्या थोबाडीत मारली," मी म्हटलं.

"मंग?" एवढंच म्हणाला.

त्याच्या डब्यात भाकरी होती, ती फडक्यात बांधून दिली. घेतली. मी म्हटलं, "बारडोलीला जा. साखर कारखान्यावर मावशीचा लक्ष्मण आहे, तो ठेवून घेईल."

"तठे नई."

"का?"

"तुले माहीत शे ना तठलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं: धर्मेंद्रपुढे बोलायला लावलं ते मीच, म्हणून मला ठाऊक असलेली जागाच त्याला नको होती.

"मग कुठे जाशील, ललित? कुठे, सांग तरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर मी भांडले असते. चिडलेला नव्हता. शेड सुटल्यावर पोरं दमलेली असतात, तसा दमून बघत होता.

"तुले सांगू?" म्हणाला.

थैली खांद्यावर टाकून तो पायऱ्या उतरला. चिंधाकाकांच्या पाया पडला. पुढे गल्लीला दोन तोंडं आहेत. तो कोणत्या तोंडाला वळला हे दिसू नये म्हणून मी घराकडे तोंड फिरवलं आणि तशीच उभी राहिले.